विश्लेषण : इन्सुलिन तेच, सिरिंज वेगळी! घरी इन्सुलिन घेताना चुका कुठे होतात?

देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासातून २०२३ मध्ये समोर आला. या सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही. पण ज्यांना लागते, त्यांना ते स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ किंवा पलंगाच्या कडेला बसून, बहुतेक वेळा स्वतःच टोचून घ्यावे लागते. रुग्णालयात जे काम प्रशिक्षित परिचारिका करते, ते घरी आजोबा, सूनबाई किंवा दहावीतला मुलगा करतो. इन्सुलिन घेताना होणाऱ्या बहुतेक चुका औषधाच्या नसतात. सिरिंज, फ्रीज, जेवणाची वेळ आणि कागदावरचा आकडा यांच्यात त्या दडलेल्या असतात. म्हणूनच त्या टाळताही येतात.

इन्सुलिनच्या बाबतीत इतकी काटेकोर काळजी का?

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचण्यात आले. त्याआधी टाइप १ मधुमेह म्हणजे मृत्यूच मानला जाई. मुलांना जवळपास उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडे लांबवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. शंभर वर्षांनंतरही टाइप १ च्या रुग्णाला इन्सुलिनला पर्याय नाही. टाइप २ च्या अनेक रुग्णांनाही पुढे गोळ्या पुरेनाशा झाल्या की ते घ्यावे लागते.

मात्र इन्सुलिनची बरोबर मात्रा आणि धोकादायक मात्रा यांतले अंतर थोडे आहे. तापाची एक गोळी जास्त झाली तर सहसा फारसे बिघडत नाही. इन्सुलिन दुप्पट गेले तर रक्तातील साखर तासाभरात इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडेल. कमी गेले तर त्रास लगेच दिसत नाही, पण साखर चढत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांना त्याची किंमत मोजावी लागते.

‘४०’ आणि ‘१००’ हा काय प्रकार आहे?

भारतातील रुग्णांनी सर्वात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच. इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत, यावर त्याची ताकद ठरते. आपल्याकडे बाटलीत मिळणारे इन्सुलिन प्रामुख्याने ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीचे असते. पेनमधले इन्सुलिन सहसा १०० युनिट प्रति मिलिलिटर असते. काही नवी इन्सुलिने १०० च्या ताकदीत बाटलीतही मिळतात. अनेक देशांनी काही दशकांपूर्वीच १०० ही एकच ताकद स्वीकारली. आपल्याकडे मात्र दोन्ही शेजारी शेजारी विकल्या जातात.

त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० च्या इन्सुलिनसाठी. दोन्ही दिसायला सारख्याच बारीक, दोन्हींवर आकडे छापलेले. अदलाबदल झाली तर काय होते, हे हिशेबाने पाहू.

समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आहेत. घरात १०० ची बाटली आहे आणि हाती लाल टोपणाची सिरिंज आली. तिच्यावर २० च्या रेषेपर्यंत भरले की अर्धा मिलिलिटर औषध आत येते. १०० च्या ताकदीने त्यात ५० युनिट असतात. म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट! उलट ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज असेल, तर २० च्या रेषेवर फक्त ८ युनिट शरीरात जातात. पहिल्या चुकीत रुग्ण त्याच दिवशी कोसळू शकतो. दुसरीत साखर ३००च्या घरात जाते, ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असे वाटते आणि मात्रा वाढवली जाते. मग एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज हाती आली की तीच वाढवलेली मात्रा घातक ठरते.

नियम सोपा आहे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे. ४० ला लाल, १०० ला नारिंगी. दुकानातून सिरिंज आणताना इन्सुलिनची रिकामी बाटली किंवा तिचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्यावा. घरात एकाच प्रकारची सिरिंज ठेवावी. आणखी एक बारकावा म्हणजे एक मिलिलिटरच्या लाल सिरिंजवर एक बारीक रेघ एका युनिटची असते, तर तेवढ्याच नारिंगी सिरिंजवर बहुधा दोन युनिटची. त्यामुळे रेघा मोजण्याऐवजी छापील आकडा वाचणे सुरक्षित.

पेन वापरले तर हा धोका टळतो का?

बराचसा टळतो. पेनवर जितके युनिट फिरवून लावले तितकेच बाहेर येतात, मग आतल्या औषधाची ताकद कितीही असो. खरी अडचण पेन बिघडले, सुया संपल्या किंवा दुकानात पेनचे इन्सुलिन मिळाले नाही की सुरू होते. अशा वेळी काही जण पेनच्या काट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध काढतात. घरात लाल सिरिंज असेल तर पुन्हा तोच अडीचपट घोळ. दीर्घकाळ काम करणारी काही इन्सुलिने पेनमध्ये ३०० च्या ताकदीचीही असतात. तिथे हा घोळ साडेसात पटींवर जातो. म्हणून पेनमधले औषध सिरिंजने कधीही काढू नये. पेनवरून बाटलीवर किंवा बाटलीवरून पेनवर यायचे असेल, तर तो बदल डॉक्टरांना विचारूनच करावा आणि सिरिंज नव्याने घ्यावी.

पेनलाही पथ्ये आहेत. दर वेळी टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब येतो का ते पाहावे. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढावी. नाहीतर काही औषध थेंबाथेंबाने त्वचेवरच राहते. टोचून झाले की सुई काढून टाकावी. ती पेनला तशीच लावून ठेवली तर औषध गळते आणि आत हवा शिरते. आणि एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये, सुई बदलली तरीही. रक्ताचा अंश काट्रिजमध्ये मागे जाऊ शकतो.

चिठ्ठीवरचा आकडा चुकीचा वाचला जातो का?

जातो. युनिटसाठी इंग्रजीत ‘यू’ हे एकच अक्षर लिहिण्याची सवय जुनी आहे. घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, असे औषधसुरक्षेचे तज्ज्ञ सांगत आले आहेत. रुग्णानेही तसा आग्रह धरायला हरकत नाही. बाटलीवरचे ‘३०/७०’ किंवा ‘५०/५०’ हे आकडे मात्रेचे नसतात. जलद आणि संथ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या मिश्रणाचे ते प्रमाण असते. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून नवी बाटली उघडण्यापूर्वी ती जुनीशी ताडून पाहावी.

ज्यांना दिवसा जेवणाआधीचे आणि रात्रीचे अशी दोन वेगळी इन्सुलिने आहेत, त्यांच्या घरी अदलाबदलीची भीती जास्त. रात्रीच्या २४ युनिट संथ इन्सुलिनऐवजी २४ युनिट जलद इन्सुलिन गेले, तर झोपेतच साखर उतरते. दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवावीत, एकाला रंगीत रबर किंवा चिकटपट्टी लावावी. आणि ‘घेतले की नाही’ हे आठवत नसेल, तर अंदाजाने दुसऱ्यांदा टोचू नये. आधी साखर तपासावी, डॉक्टरांना फोन करावा. वहीत वेळ आणि युनिट लिहिण्याची सवय असेल तर हा प्रश्नच येत नाही.

उन्हाळ्यात इन्सुलिन कसे सांभाळायचे?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात ठेवावे. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर वितळले तरी निकामीच, ते टाकून द्यावे. वापरात असलेली बाटली किंवा पेन २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात असते. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खोलीचे तापमान ३० अंशांखाली असणे शक्यच नसते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, त्यांच्यासाठी माठ हा जुना आणि खरोखर उपयोगी मार्ग आहे. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून, डबीत पाणी जाणार नाही अशा बेताने माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावे. पाणी बाष्प होताना मडके थंड राहते. हवा दमट असेल तर मात्र हा उपाय तितका चालत नाही. कोकणात त्यावर फार विसंबू नये.

प्रवासात इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. बर्फाच्या पाकिटाला ते थेट टेकवू नये, मध्ये कापड ठेवावे. विमानात ते हातातल्या बॅगेतच असावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते.

औषध बिघडले का, हे नजरेनेही काही प्रमाणात कळते. जलद इन्सुलिन आणि बहुतेक नवी दीर्घकाळची इन्सुलिने पाण्यासारखी स्वच्छ असतात. ती गढूळ दिसली तर वापरू नयेत. ३०/७० सारखे मिश्रण मुळातच दुधाळ असते. टोचण्याआधी ते तळहातांमध्ये दहा वेळा फिरवून आणि दहा वेळा खाली-वर करून एकसारखे करावे. जोरात हलवू नये. तरीही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटलेला दिसला, तर बाटली बाद करावी.

एकाच जागी टोचले तर काय बिघडते?

पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि नितंब या इन्सुलिनच्या जागा. पोटावर टोचताना बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडावी. त्याच त्या ठिकाणी टोचत राहिले की कातडीखाली चरबीच्या मऊ किंवा रबरासारख्या गाठी होतात. तिथे दुखत कमी असल्याने रुग्ण नेमका तिथेच पुन्हा टोचतो. पण गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी कमी जाते, कधी उशिरा जाते, आणि साखर कारण नसताना वर-खाली होते. अशा रुग्णाने एके दिवशी चांगल्या जागी तीच मात्रा घेतली तर साखर एकदम उतरू शकते. म्हणून जागा बदलताना मात्रेबाबत डॉक्टरांशी बोलावे. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर अंतर सोडावे आणि महिन्यातून एकदा हाताने चाचपून गाठ लागते का ते पाहावे.

सुई जितकी लांब तितके औषध चांगले लागते, हा गैरसमज आहे. पेनची चार मिलिमीटरची सुई जाड अंगाच्या माणसालाही पुरते. लांब सुई स्नायूत गेली तर औषध अपेक्षेपेक्षा लवकर काम करते. टोचून झाल्यावर ती जागा चोळू नये.

साखर अचानक उतरली तर?

इन्सुलिन घेणाऱ्या घरात हे सगळ्यांना ठाऊक हवे, मुलांनाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, बोलणे असंबद्ध होणे अशी लक्षणे दिसतात. ५४ च्या खाली गेल्यास प्रसंग गंभीर. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून उपाय सुरू करावा, तपासणीसाठी थांबू नये.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर द्यावी. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात, किंवा अर्धा पेला फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर ७० च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटे असे काही खायला द्यावे. पेढा, लाडू, चॉकलेट गोड असले तरी त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू उतरते. पहिला उपाय म्हणून ते कामाचे नाहीत.

इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपल्याकडे अनेकांना इन्सुलिनसोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी दिली जाते. या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात. त्यामुळे अशा रुग्णाला चहातली साखर दिली तरी ती लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच द्यावे लागते. गोळीच्या पाकिटावर ही नावे असतील तर ग्लुकोज पावडरचा डबा घरात आणि पुडी खिशात असलीच पाहिजे.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘इन्सुलिन घेणारा रुग्ण आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

वयस्कर रुग्ण, मूत्रपिंड कमजोर झालेले आणि वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणारे यांना हा धोका अधिक. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहते. जुन्या रुग्णांना साखर उतरल्याची लक्षणे जाणवेनाशी होतात. उपाशीपोटी मद्य घेतल्यास साखर रात्री उशिरा उतरते, आणि आजूबाजूचे लोक ‘चढली आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात.

उपवास, वारी आणि आजारपणात काय करावे?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहींना दोन्ही बाजूंनी लागू पडते. दिवसभर पोट रिकामे आणि इन्सुलिन नेहमीचे, तर साखर उतरते. मग साबुदाणा, बटाटा, रताळे पोटभर झाले की ती चढते. उपवास करायचाच असेल तर मात्रा कशी बदलायची हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रमझानच्या रोज्यांनाही हेच लागू. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे अनेक धर्मपंडित सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर उपवास तिथेच सोडावा.

आषाढी वारीत किंवा डोंगरवाटेवर दिवसभर चालताना शरीर साखर भराभर वापरते आणि हा परिणाम रात्रीपर्यंत राहतो. चालायला निघण्याआधी मांडीत टोचणे टाळावे, कारण हलत्या पायातून इन्सुलिन लवकर शोषले जाते. ग्लुकोज स्वतःच्या खिशात असावे, ट्रकमधल्या पिशवीत नको.

ताप, उलट्या, जुलाब झाले की घरोघरी एकच नियम लावला जातो : जेवण नाही तर इन्सुलिन नाही. टाइप १ च्या रुग्णासाठी हा नियम जिवावर बेतणारा आहे. आजारात शरीराची इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते. ते पूर्ण बंद केले तर रक्तात किटोन नावाची आम्ले साचतात. पोटदुखी, उलट्या, जोरजोरात श्वास आणि श्वासाला फळासारखा वास ही त्याची चिन्हे दिसली तर रुग्णालय गाठावे. जेवण होत नसताना मिश्र इन्सुलिनची पूर्ण मात्रा घेणे हेही तितकेच धोक्याचे. म्हणजे उत्तर ‘पूर्ण बंद’ही नाही आणि ‘नेहमीइतकेच’ही नाही. दर तीन-चार तासांनी साखर तपासावी, पाणी पीत राहावे आणि मात्रा डॉक्टरांना फोन करून ठरवावी. आजारपणात काय करायचे, हे बरे असतानाच विचारून वहीत लिहून ठेवलेले बरे.

वापरलेल्या सुयांचे काय?

दिवसाला दोन सुया धरल्या तर एका घरातून वर्षाला सातशेहून अधिक सुया बाहेर पडतात. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या किंवा घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात घुसते. त्यातून कावीळ ब, कावीळ क यांसारखे आजार पसरू शकतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेल्या सुया-सिरिंजची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीसारख्या डब्यात त्या साठवाव्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे लिहावे आणि डबा वेगळा द्यावा. अनेक दवाखाने विनंती केल्यास असा डबा ठेवून घेतात.

मग जबाबदारी कोणाची?

रुग्णाने दक्ष राहावे, हे खरे. पण सगळा भार त्याच्यावर टाकून भागणार नाही. पहिल्यांदा इन्सुलिन लिहून देताना ते कसे घ्यायचे हे दाखवण्यासाठी दहा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच दहा मिनिटे मिळत नाहीत. रुग्ण चिठ्ठी घेऊन दुकानात जातो, तिथे हाताला येईल ती सिरिंज मिळते. चिठ्ठीवर मात्रेसोबत इन्सुलिनची ताकद आणि सिरिंजचा रंगही लिहिला, औषधविक्रेत्याने बाटली पाहिल्याशिवाय सिरिंज दिली नाही, आणि दवाखान्यातून निघण्यापूर्वी रुग्णाला किंवा घरच्या माणसाला मात्रा एकदा स्वतः भरून दाखवायला सांगितले, तर अडीचपटीची चूक जवळजवळ अशक्य होईल. यातल्या कशालाही नवे यंत्र किंवा मोठा निधी लागत नाही.

कायमचा उपाय मात्र एकच : देशभर एकाच ताकदीचे इन्सुलिन आणि एकाच प्रकारची सिरिंज. जुन्या सिरिंज दुकानांतून आणि घरांतून एकाच वेळी काढून घेतल्याशिवाय हा बदल उलट धोक्याचा ठरेल, त्यामुळे तो घाईने करून चालणार नाही. पण त्याची तारीख ठरवून तयारी सुरू करणे सरकार आणि औषध कंपन्यांच्या हातात आहे. तोवर प्रत्येक घराने आज एवढे तरी करावे : फ्रीजमधली बाटली आणि डब्यातली सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे वाचावेत. ते जुळत नसतील, तर पुढचे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.